गुजो ओदोरी : गेतापासून परतीच्या गाडीपर्यंतचा हिशोब

गिफू प्रांतातल्या डोंगरांत, योशिदा नदीच्या दोन्ही काठांवर गुजो हाचिमान हे छोटं गाव आहे. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत तीसहून जास्त रात्री इथल्या रस्त्यांवर नाच चालतो. त्यात १३ ते १६ ऑगस्ट या ओबोनच्या, म्हणजे पूर्वजांच्या सणाच्या, चार रात्री तर पार उजाडेपर्यंत. तिकीट नाही, नावनोंदणी नाही, वयाची अट नाही. जपानच्या ग्रामीण भागात नोकरी-व्यवसायानिमित्त राहणाऱ्या मराठी माणसाने उन्हाळ्यात लांबवर जाऊन एकच मात्सुरी, म्हणजे उत्सव, करायची ठरवली, तर ती हीच करावी.

मात्र नाचायची तयारी हवी. नुसतं बघायला आलेल्याला इथे अर्ध्या तासात जांभया येतील. चित्ररथ नाहीत, आतषबाजी नाही, बसायला खुर्च्या नाहीत, आणि एकच नाच दहा-पंधरा मिनिटं सलग चाललेला असतो. इंटरनेटवर या उत्सवाबद्दल जे नाराजीचे शेरे दिसतात, त्यातले बरेचसे कडेला उभं राहून मोबाइलवर चित्रण करणाऱ्यांचे असतात. रिंगणात शिरलं की तीच पंधरा मिनिटं कमी पडतात, कारण पावलं जमायला लागतात तेवढ्यात गाणं बदलतं.

रिंगणाच्या मधोमध याकाता असतो, म्हणजे चाकांवरचा लाकडी मंडप. त्यावर गायक, शामिसेन हे तीन तारांचं वाद्य, बासरी आणि ढोल. सगळं जिवंत, गावोगावच्या बोन-ओदोरीत, म्हणजे ओबोनच्या नाचात, हल्ली ध्वनिमुद्रित गाणी लावतात, तसं इथे नाही. ही परंपरा सांभाळणारी ‘होझोनकाई’ ही संस्था १९२२ साली स्थापन झाली. मेइजी काळात (१८६८–१९१२) असल्या नाचांवर बंदी आली होती, त्यातूनही हा टिकला. १९९६ साली त्याला राष्ट्रीय पातळीवर महत्त्वाच्या अमूर्त लोकसंस्कृतीचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये ‘फुर्यु-ओदोरी’ या जपानी लोकनाचांच्या एकत्रित नोंदीतून युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. यादीत गेलेल्या उत्सवांचं पुढे बरेचदा प्रदर्शन होऊन बसतं. गुजोचं अजून तरी झालेलं नाही.

एकूण नाच दहा. कावासाकी, हारुकोमा, सांब्याकु, याच्चिकु, फुरुकावा, गेंगेनबाराबारा, नेको नो को, सावागी, जिंकु आणि मात्सुसाका. दहाच्या दहा पाठ करून जायची गरज नाही, तीन आले तरी रात्र निभते. कावासाकी संथ, साधारण सुरुवातीलाच होणारा. हात मोठे आणि गोलाकार फिरतात, गेताचा, म्हणजे लाकडी खडावांचा, ठोका ठरावीक जागीच पडतो. हारुकोमा त्याच्या अगदी उलट. घोड्याचा लगाम धरल्यासारखे हात, पायांचे झटके, आणि तरुण पोरांचा सगळा जोर यावरच. नेको नो कोमध्ये हातांना मांजराच्या पंजाचा बाक द्यायचा असतो, त्यामुळे तो लहान मुलांना पटकन जमतो. मात्सुसाका शेवटचा. त्यात ढोल, बासरी, शामिसेन काहीच नसतं. फक्त गायकाचा आवाज आणि लाकडी ठोकळ्यांची टकटक. तो सुरू झाला की त्या रात्रीचा नाच संपला असं समजायचं.

शिकायची सोय दिवसा आहे. गावातल्या हाकुरानकान या संग्रहालयात नाचाचं प्रात्यक्षिक रोज होतं, तेही दिवसातून अनेकदा. एक प्रात्यक्षिक लक्ष देऊन पाहिलं तर रात्री पुष्कळ फरक पडतो. रिंगणात शिरताना एखादे जाणते गृहस्थ किंवा आजीबाई बघून त्यांच्या मागे, किंचित तिरके उभे राहा. अगदी पाठीमागे राहिलात तर त्यांचे हात दिसत नाहीत. आधी फक्त पाय धरा. पायांची आवर्तनं छोटी असतात, चार-पाच फेऱ्यांत बसतात. हात मागाहून आपोआप येतात. हात आणि पाय एकदम धरायला जाणारे सतत अर्धा ठोका मागे राहतात आणि मागच्याच्या अंगावर जातात. ज्यांचे पाय गरब्यात तयार झालेत त्यांना आणखी एक सवय मोडावी लागते. गरब्यात अख्खं अंग गिरकी घेतं. इथे कंबरेवरचा भाग बराचसा स्थिर असतो, वजन खाली असतं, आणि रिंगण फार हळू सरकतं. जोरात पुढे गेलात की पुढच्याच्या टाचेवर तुमची गेता. याकाताला लागून असलेलं आतलं वर्तुळ बहुधा जाणकारांचं असतं, तिथे पहिल्याच रात्री घुसू नये. बाहेरच्या वर्तुळात चुका कुणी मोजत नाही.

आता गेता. या उत्सवात पैसे खर्च करावेत अशी हीच एक गोष्ट, आणि लोक नेमकी इथेच काटकसर करतात. शंभर येनच्या दुकानात किंवा युकाताच्या (सुती उन्हाळी किमोनोच्या) स्वस्त संचात मिळणाऱ्या गेताचे दात, म्हणजे तळाचे आडवे ठोकळे, बहुतेक वेळा वरून चिकटवलेले असतात आणि तळाला रबराची पट्टी असते. रबरामुळे आवाज मरतो. आणि डांबरी रस्त्यावर तासभर आपटल्यावर चिकटवलेला दात निखळतो, तोही बरोबर हारुकोमाच्या मध्यात. गुजोत नाचासाठी खास गेता मिळतात. फळी आणि दात एकाच लाकडातून कोरलेले, लाकूड बहुतेक हिनोकी या जपानी सरूचं, दात नेहमीपेक्षा उंच, म्हणून ठोका मोकळा आणि खणखणीत येतो. गावातल्या दुकानांत फळी आणि वरचा पट्टा, म्हणजे हानाओ, वेगवेगळे निवडायचे. तुमच्या पायावर बसेल असा पट्टा समोरच ओवून देतात. ओबोनच्या दिवसांत यासाठी रांग लागते. दुपारीच जाऊन काम उरकून घ्यावं.

माप घेताना भारतीय माणूस हमखास मोठी गेता मागतो, चपलेसारखी. गेता तशी नसते. टाच फळीच्या मागे एक-दोन सेंटिमीटर बाहेर आली पाहिजे. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात पट्टा घट्ट रुतवायचा नाही, थोडी फट ठेवायची; चालताना बोटांनी पट्टा चिमटीत धरायचा. डावी-उजवी असा भेद नसतो, म्हणून अधूनमधून अदलाबदल करावी, दात सारखे झिजतात. नवा पट्टा घालण्याआधी दोन्ही बाजूंनी हाताने ओढून सैल करायचा. तरीही पहिल्या रात्री बेचक्यात फोड येतोच. त्यावर इलाज एकच : नाचायच्या आधी तिथे कापडी चिकटपट्टी लावणे. फोड आल्यावर लावलेली पट्टी घामाने सुटून येते आणि सोबत कातडंही नेते. पिशवीत साधी सपाट चप्पल असू द्या. रात्री नाच संपल्यावर गल्लीबोळांतून खटखट करत मुक्कामी जाणं शेजाऱ्यांना नकोसं होतं, आणि तुमच्या पायांनाही.

युकाताबद्दल फार सांगण्यासारखं नाही. जीन्स आणि बूट घालून नाचलं तरी कुणी हटकत नाही. घालायचाच असेल तर डावा पदर उजव्याच्या वर. उलटा पदर मृतदेहाला नेसवताना करतात, त्यामुळे तो दिसला की कुणीतरी आजी तुम्हाला कडेला घेऊन नीट करून देईलच. पुरुषांनी ओबी, म्हणजे कमरपट्टा, पोटावर न बांधता कमरेच्या हाडावर, पुढून जरा खाली बांधावी. आतून पातळ सुती बनियन घाला, नाहीतर घामाने कापड पायांना चिकटून पाऊल तोकडं पडतं. भाड्याने घेत असाल तर परत द्यायची वेळ आधी विचारा. बरीच दुकानं नाच संपण्याच्या खूप आधी बंद होतात, मग दुसऱ्या दिवशी परत करायची मुभा आहे का, हा प्रश्न निर्णायक ठरतो.

उन्हाचा धाक मात्र खरा आहे. नागारा नदीच्या याच खोऱ्यात खाली असलेल्या मिनो शहरात ८ ऑगस्ट २०१८ रोजी ४१ अंशांची नोंद झाली होती. कोकणातल्यासारखी दमट हवा आणि वर विदर्भाचा पारा. दिवसा हिंडून दमलात तर रात्री नाचाला उरत नाही, तेव्हा दुपार नदीकाठी किंवा आत घालवा. पाण्याची बाटली गावात कुठेही भरता येते, कारण इथे जागोजागी झऱ्याचं पाणी वाहतं ठेवलेलं आहे. काही ठिकाणी मिझुबुने दिसतील, म्हणजे पायऱ्यांसारख्या ठेवलेल्या लाकडी किंवा दगडी टाक्या. सगळ्यात वरची पिण्याची, तिच्याखालची भाज्या-भांडी धुण्याची, आणि तिथून वाहून जाणारे अन्नाचे कण खाली माशांच्या पोटात. बाटली वरच्या टाकीतच भरा, आणि तिच्यात हात बुडवू नका. नदीवरच्या शिनबाशी पुलावरून गावची मुलं सुमारे बारा मीटर खाली उड्या मारताना दिसतील. ती लहानपणापासून छोट्या दगडांवरून सराव करत तिथवर पोचलेली असतात. पाहुण्यांनी तो मोह टाळावा.

या सगळ्यात खरी कमकुवत बाजू आहे ती जाण्यायेण्याची. मिनो-ओता स्थानकावरून नागारागावा रेल्वेची डिझेल गाडी नदीच्या कडेकडेने साधारण ऐंशी मिनिटांत पोचवते. प्रवास देखणा, पण गाड्या विरळ. सुटी नाणी आणि हजाराच्या नोटा जवळ ठेवा; शहरात चालणाऱ्या कार्डाच्या भरवशावर इथे चढू नये. स्थानक जुन्या गावापासून चालत वीसएक मिनिटं आहे. नागोया आणि गिफूहून बसही आहेत. घोटाळा परतीचा आहे. साध्या रात्री नाच रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास संपतो आणि तोवर रेल्वे-बस दोन्ही गेलेल्या असतात. म्हणजे एक तर मुक्काम, नाहीतर स्वतःची गाडी. गाडीने तोकाई-होकुरिकु महामार्गावरच्या गुजो-हाचिमान फाट्यावर उतरलं की गाव पाच-दहा मिनिटांवर. ओबोनच्या रात्री गावातले वाहनतळ संध्याकाळपूर्वीच भरतात, आणि जुन्या गल्ल्या इतक्या अरुंद की आत शिरलेली गाडी वळवताना घाम फुटतो. बाहेरच गाडी लावून चालत आत यावं.

गाडी चालवणार असाल तर बिअरचा एक घोटही नको. श्वासाच्या एका लिटरमध्ये ०.१५ मिलिग्रॅम मद्यार्क सापडला की कारवाई होते, आणि प्यायलेला आहे हे माहीत असून त्याच्या गाडीत बसलेला, त्याला दारू देणारा, गाडी देणारा असे सगळेच कायद्याच्या कचाट्यात येतात. खेड्यात गाडीसकट घरी पोचवणारी दाइको सेवा असते, पण उत्सवाच्या रात्री ती मिळेल असं धरून चालू नये. रात्रभर नाचून पहाटे डोंगरातल्या रस्त्याने थेट घरी निघणं हे दारूइतकंच वाईट. दोन तास गाडीतच झोप काढा. मुक्कामाच्या जागा ओबोनसाठी कित्येक महिने आधी जातात. त्या नसतील तर मिनो, सेकी किंवा गिफूत बघा आणि साध्या रात्रीच या.

साधी रात्र की तेत्सुया, म्हणजे रात्रभराची? हा प्रश्न सगळेच विचारतात. पहिल्यांदा येणाऱ्याने साधी रात्र निवडावी, शक्यतो शनिवार सोडून. नाचाची जागा रोज वेगळी असते, आज या मोहल्ल्यात तर उद्या त्या देवळासमोर, म्हणून त्या वर्षीचं वेळापत्रक आणि नकाशा पाहूनच निघावं. गर्दी बेताची, रिंगण लहान, आजूबाजूचे लोक शिकवायला मोकळे. शिवाय साध्या रात्रीच प्रमाणपत्राची सोय असते. त्या दिवसासाठी एक नाच ठरलेला असतो, होझोनकाईचे परीक्षक रिंगणात फिरत असतात आणि ज्याचा नाच पसंत पडेल त्याच्या हातात लाकडी पाटी देतात. ती दाखवून थोडी फी भरली की प्रमाणपत्र. परीक्षक उड्या मारणाऱ्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. ते हातांची वळणं, बोटांची टोकं आणि ठोक्याची जागा बघतात.

तेत्सुयाला नागोयाकडून तरुणांची झुंबड येते. दहा ते एक या वेळात हारुकोमा लागला की अक्षरशः कोपरं खावी लागतात आणि लहान मुलं घेऊन रिंगणात जाणं शहाणपणाचं नाही. रात्री एक-दीडनंतर गर्दी पातळ होते, आणि खरी मजा त्यानंतरची. तेव्हा थकलेले पाहुणे कडेला बसलेले असतात, रिंगणात राहतात ते नाचाचे वेडे, आणि शंभर-दोनशे गेता एकाच क्षणी रस्त्यावर आपटल्याचा आवाज छातीत जाणवतो. यासाठी संध्याकाळी सात ते अकरा झोपून मग बाहेर पडणं हा उत्तम उपाय. जरासा पाऊस आला तर नाच थांबत नाही. छत्री उघडून रिंगणात मात्र जायचं नाही, आणि ओल्या फरशीवर गेता घसरते हे लक्षात ठेवायचं. वादळाचा इशारा असेल तर त्या दिवशीची सूचना पाहावी.

हे सगळं जमायला लागलं की उत्तरेला शिरोतोरीला जा. तेही गुजो शहराच्याच हद्दीत, त्याच रेल्वेवर. तिथल्या नाचांचा वेग जास्त, पायांचं काम जास्त, आणि नवख्याला थांबून शिकवायला कुणाला उसंत नसते. गुजो आधी, शिरोतोरी नंतर; उलट क्रमाने गेलात तर घोर निराशा होईल.

खाण्याला पाचपैकी अडीच गुण, आणि शाकाहाऱ्यासाठी दोन. मीठ लावून काडीवर भाजलेला आयु हा इथल्या नद्यांचा मासा खाणाऱ्यांनी सोडू नये. कोळशावर सावकाश भाजलेला घ्या, तापवून ठेवलेला नको. बाकी ठेले देशभर असतात तेच. आपल्याकडे ओबोनच्या सुमाराला बहुतेक वर्षी श्रावण असतो, तेव्हा तो पाळणाऱ्यांनी आधीच नियोजन करावं. याकिसोबात, म्हणजे परतलेल्या नूडल्समध्ये, डुकराचं मांस असतं, ताकोयाकीत ऑक्टोपस, आणि ‘मांस काढून द्या’ म्हटलं तरी वरून सुक्या माशाची भुकटी पडतेच. मांसाच्या काड्यांच्या ठेल्यांवर हिदा-ग्यु लिहिलेलं असेल तर ते गोमांस. तुलनेने निर्धास्त म्हणजे भाजलेलं कणीस, लोण्यातला बटाटा आणि बर्फाचा गोळा. गिफूकडची गोहेइमोची, म्हणजे काडीवर थापून भाजलेला भात, चवीला छान असते, पण तिच्या चटणीत माशाचं पाणी आहे का ते विचारून घ्यावं. बेबी कास्तेला या छोट्या केकमध्ये अंडं असतं. सगळ्यात बरं म्हणजे घरून दशम्या आणि कोरडी चटणी न्यावी. दोन्ही उन्हाळ्यात टिकतात आणि रात्री दोन वाजता कुठलंही दुकान उघडं नसताना त्यांची किंमत कळते. कचऱ्याचे डबे जवळपास नसतात, रिकामी पिशवी सोबत हवी.

भारतातून आलेल्या आईवडिलांना आणायचं असेल तर साधी रात्र, मुक्काम चालत अंतरावर, आणि घडीची छोटी स्टुलं. गुडघे दुखणाऱ्यांना गेता अजिबात नको.

एक राहिलं, आणि खेड्यात राहणाऱ्यांसाठी ते महत्त्वाचं. गुजोच्या नादात स्वतःच्या वाडीतली मात्सुरी चुकवू नका. तिची सूचना घरोघर फिरणाऱ्या कायरानबान या फळीवरून येते. सही करून फळी पुढच्या घरी लगेच द्यायची, नाहीतर तुमच्यामुळे पाच घरांना तारीख कळत नाही. आधीच्या रविवारी गवत कापणं आणि तंबू उभारणं असतं, तिथे हजेरी लावणं उत्सवापेक्षा जास्त मोजलं जातं. वर्गणीचं पाकीट लाल-पांढऱ्या दोरीचं, आणि दोरीची गाठ फुलपाखरासारखी, ओढली की सुटणारी. न सुटणाऱ्या गाठीचं पाकीट लग्नाला किंवा आजारपणात चालतं, मात्सुरीला नाही. रक्कम शेजाऱ्यांना आधी विचारावी. सगळ्यांपेक्षा जास्त टाकलेलं पाकीट कमी टाकलेल्याइतकंच अवघड करून ठेवतं. वाडीतली तारीख बहुतेक ओबोनच्या आसपासच असते. दोन्ही एकाच दिवशी आल्या तर वाडीत जा, गुजोला बाकीच्याही रात्री असतात.

परत आल्यावर गेता उन्हात ठेवू नये, फळीला चिरा जातात. ओल्या फडक्याने पुसून, दात वर करून सावलीत वाळवायची. रोज नाचणाऱ्यांच्या गेतांच्या दातांची उंची एका हंगामात निम्म्यावर येते. तुमची दोन-चार रात्रींची असेल तर तीन-चार उन्हाळे आरामात जाईल. पट्टा सैल झाला तर फळी टाकू नका, पट्टा बदलून मिळतो.